हिंदी कथेतला रशियन धागा कसा शोधावा

रशियन कथाकार चेकॉव्हच्या ‘तोस्का’ या १८८६ सालच्या कथेत इओना पोतापोव्ह नावाचा घोडागाडीवाला बर्फ पडत असताना गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेला आहे. ते कुणाला तरी सांगावे म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मान वळवून बोलायला जातो, कुणीच ऐकून घेत नाही, आणि शेवटी रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीलाच सारे सांगतो. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’ या १९३० सालच्या कथेत हल्कू नावाचा शेतकरी पौषाच्या थंडीत शेताची राखण करताना जबरा या आपल्या कुत्र्याशी बोलत रात्र काढतो. या दोन कथा एका बैठकीत वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते, की हा तर उघड प्रभाव आहे. त्या क्षणानंतर काय करावे, हे पुढे सांगितले आहे. कारण रशियन साहित्याचा हिंदी कथेवर झालेला परिणाम या विषयावरचे लेखन बहुतेक वेळा याच ठिकाणी घाई करते आणि साम्यालाच प्रभाव म्हणून मोकळे होते.

दोन कथांत साम्य असणे आणि एकीचा दुसरीवर प्रभाव असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाकी माणूस जनावराशी बोलतो, हे जगातल्या कुठल्याही खेड्यात घडते. ते सुचायला प्रेमचंदांना रशियापर्यंत जाण्याची गरज नव्हती. प्रभाव म्हणायचा असेल, तर तीन गोष्टी हातात असायला हव्यात. रशियन कथा त्या हिंदी लेखकापर्यंत कोणत्या भाषेतून आणि कुणाच्या हातून पोहोचली, हे सांगता आले पाहिजे. ती त्याची कथा लिहून होण्यापूर्वी पोहोचली होती, हे तारखांवरून दिसले पाहिजे. आणि हिंदी कथेच्या घडणीत, म्हणजे तिच्या शेवटात, निवेदकाच्या बोलण्यात किंवा गप्प राहण्यात, त्या वाचनाची खूण सापडली पाहिजे. विषयाचे साम्य यात कुठेच येत नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

आधी वाट शोधावी

कामाची सुरुवात कथांपासून न करता अनुवादांपासून करावी. १९५० पूर्वीच्या हिंदी लेखकांपैकी बहुतेकांनी रशियन कथा इंग्रजीतून वाचल्या, आणि त्या काळात इंग्रजीतला चेकॉव्ह म्हणजे प्रामुख्याने कॉन्स्टन्स गार्नेट यांचा चेकॉव्ह. त्यांनी केलेला त्याच्या कथांचा अनुवाद १९१६ ते १९२२ या काळात तेरा खंडांत निघाला. याचा परिणाम असा, की हिंदी लेखकासमोर जी वाक्ये होती ती एका इंग्रज बाईंची होती. ती समतोल, संयत आणि थोडी मऊ होती. म्हणून प्रेमचंद किंवा त्यांच्यानंतरचे हिंदी कथाकार जैनेंद्र आणि अज्ञेय यांच्या गद्यात रशियन वाक्याची लय आहे, असे विधान कुणी केले तर ते सोडून द्यावे. दोन भाषा ओलांडून लय येत नाही. येतो तो कथेचा सांगाडा: ती कुठे सुरू होते, काय दाखवते, कुठे थांबते.

दुसरी वाट स्वतः लेखकांनीच बांधली, आणि माझ्या मते सर्वात भक्कम पुरावा तिथेच मिळतो. अनुवाद करणारा माणूस मजकूर ओळीओळीने हाताळतो, त्यामुळे त्याने ती कथा वाचली असेल का, हा प्रश्नच उरत नाही. प्रेमचंदांनी टॉलस्टॉयच्या कथा हिंदीत आणल्या. जैनेंद्रकुमारांनी टॉलस्टॉयच्या कथांचे ‘प्रेम में भगवान’ हे पुस्तक १९३७ साली केले, आणि त्याच वर्षी त्यांची ‘त्यागपत्र’ ही छोटी कादंबरी आली. राजेंद्र यादवांनी चेकॉव्हची नाटके, तुर्गेनेव्ह आणि लेर्मोंतोव्ह हिंदीत आणले, इतकेच नव्हे तर चेकॉव्हची एक काल्पनिक मुलाखतही लिहिली. या लेखकांचे अनुवाद आणि त्यांच्या स्वतःच्या कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. अनुवादात एखादी रशियन अवघड जागा त्यांनी कशी सोडवली, हे पाहिले की त्यांना त्या लेखकात काय महत्त्वाचे वाटत होते ते कळते.

तिसरी वाट मॉस्कोहून निघाली. परदेशी भाषांतील पुस्तकांचे सोव्हिएत सरकारी प्रकाशनगृह आणि पुढे प्रगती प्रकाशन यांनी रशियन साहित्य थेट हिंदीत छापून भारतात अतिशय स्वस्तात पोहोचवले. हिंदी कथाकार भीष्म साहनी १९५७ ते १९६३ मॉस्कोत राहून हे काम करत होते. टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’सह सुमारे दोन डझन पुस्तकांचे अनुवाद त्यांच्या नावावर आहेत. मदनलाल ‘मधु’ यांनी तर आयुष्याचा मोठा भाग तिथेच या कामात घालवला. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि ही पुस्तके येणेही थांबले. त्यामुळे १९६०च्या पुढच्या हिंदी लेखकाबद्दल लिहिताना इंग्रजी वाट गृहीत धरू नये. त्याच्या घरात जाड कागदावर छापलेला हिंदी चेकॉव्ह असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

चौथी वाट वाङ्मयाबाहेरून आली आणि म्हणूनच ती नजरेतून सुटते. गांधीजी आणि टॉलस्टॉय यांचा पत्रव्यवहार १९०९-१० मधला. दक्षिण आफ्रिकेतले टॉलस्टॉय फार्म १९१० मधले. हिंदी प्रदेशात टॉलस्टॉय पोहोचला तो मुख्यतः या वाटेने. अर्थात तो ‘युद्ध आणि शांती’ ही प्रचंड कादंबरी लिहिणारा उमराव म्हणून आला नाही. शेतकऱ्यांसाठी साध्या बोधकथा लिहिणारा, हिंसेला नकार देणारा म्हातारा म्हणून आला. प्रेमचंदांनी आणि जैनेंद्रांनी अनुवादासाठी याच उत्तरकाळातल्या छोट्या कथा निवडल्या, हा योगायोग नाही. प्रेमचंद आपल्या भूमिकेला ‘आदर्शोन्मुख यथार्थवाद’, म्हणजे आदर्शाकडे झुकणारा वास्तववाद, म्हणत. ‘पंच परमेश्वर’ या १९१६ सालच्या कथेत जुम्मन शेख पंचाच्या आसनावर बसताच त्याच्या मनातले वैर गळून पडते, तेव्हा हृदयपरिवर्तनाचा हा साचा टॉलस्टॉयच्या बोधकथांच्या फार जवळचा वाटतो. तरीही त्या परिवर्तनाचे कारण शुद्ध भारतीय आहे. टॉलस्टॉयकडे माणूस देवाच्या प्रेमामुळे बदलतो. प्रेमचंदांकडे तो पंच या पदाच्या जबाबदारीमुळे बदलतो. इथे साचा आणि आशय वेगवेगळे मोजावे लागतात.

या टप्प्यावर आणखी एक भेद करून ठेवावा. रशिया या देशाचा प्रभाव आणि रशियन साहित्याचा प्रभाव एक नाहीत. ‘प्रेमाश्रम’ या १९२२ सालच्या कादंबरीत बलराज हा तरुण शेतकरी रशियात शेतकऱ्यांचेच राज्य आहे असे वर्तमानपत्राच्या आधाराने सांगतो. ही बातमी आहे, वाङ्मयीन प्रभाव नव्हे. क्रांतीची बातमी, मार्क्सवादी विचार आणि चेकॉव्हची कथा हे तीन प्रवाह हिंदीत जवळपास एकाच वेळी आले. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांचे पहिले अधिवेशन झाले, त्यानंतर तर ते एकमेकांत पुरते मिसळले. वेगळे करणे अवघड आहे, पण प्रयत्न करावाच लागतो.

तारखांची वही

एका वहीत दोन स्तंभ आखावेत. डावीकडे रशियन कथेचे वर्ष, तिच्या इंग्रजी अनुवादाचे वर्ष आणि हिंदी अनुवादाचे वर्ष लिहावे. उजवीकडे हिंदी कथा मासिकात प्रथम कधी आली ते लिहावे. संग्रहाचे वर्ष पुरेसे नसते, कारण कथा संग्रहात येण्याआधी पुष्कळदा बराच काळ मासिकात येऊन गेलेली असते.

या वहीचे महत्त्व मी चूक करून शिकलो. भीष्म साहनींच्या ‘चीफ़ की दावत’ या कथेवर टिपण लिहिताना मी असे मांडले होते, की मॉस्कोतल्या वर्षांनी त्यांना चेकॉव्हच्या कारकुनांकडे पाहायला शिकवले आणि त्यातून ही कथा आली. कथेत शामनाथ साहेबाला घरी जेवायला बोलावतो आणि म्हाताऱ्या आईला कुठे लपवावे या विवंचनेत पडतो. पदापुढची ती लाचारी चेकॉव्हच्या ‘कारकुनाचा मृत्यू’ या १८८३ सालच्या कथेतल्या चेर्व्याकोव्हची आठवण करून देते. टिपण मला फार पटले होते. नंतर लक्षात आले, की ‘चीफ़ की दावत’ १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि साहनी मॉस्कोला गेले १९५७ साली. सगळा युक्तिवाद एका वर्षाच्या फरकाने कोसळला. आता मी त्या कथेबद्दल एवढेच म्हणेन, की साहनींच्या मनाची जडणघडण आधीच चेकॉव्हला मिळतीजुळती होती, आणि म्हणूनच पुढे तो अनुवाद त्यांच्या हातून इतक्या आपुलकीने झाला असावा. प्रभावाची दिशा कधीकधी अशी उलटी वाचावी लागते: लेखक ज्याच्याकडे ओढला जातो, त्याचे काही त्याच्यात आधीपासून असते.

उलट उदाहरण प्रेमचंद आणि गॉर्की यांचे आहे. तिथे तारखा हात देतात. गॉर्की १८ जून १९३६ रोजी वारला. प्रेमचंद तेव्हा स्वतः गंभीर आजारी होते. ८ ऑक्टोबरला त्यांचाही मृत्यू झाला. प्रेमचंदांच्या पत्नी शिवरानी देवींनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की गॉर्कीच्या शोकसभेसाठी प्रेमचंद आजारपणात रात्री जागून भाषण लिहीत बसले होते. लेखकाच्या घरातल्या माणसाने नोंदवलेला असा प्रसंग कुठल्याही साम्यापेक्षा जास्त वजनाचा असतो, म्हणून पत्रे, आठवणी, मुलाखती आणि संपादकीय लेख कथांइतक्याच काळजीने वाचावेत.

दोन कथा शेजारी

मग प्रत्यक्ष मजकुराकडे वळावे. इथे घाई करू नये. एका जोडीला एक पूर्ण आठवडा दिला तरी तो जास्त होत नाही.

आधी शेवट पाहावा. चेकॉव्हने कथेला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काहीही न सुटता कथा थांबवण्याचे धैर्य. अज्ञेयांची ‘रोज़’ ही कथा, जी आधी ‘गैंग्रीन’ या नावानेही ओळखली जात होती, या दृष्टीने वाचावी. निवेदक आपल्या दूरच्या नात्यातल्या मालतीला भेटायला तिच्या डोंगराळ गावातल्या घरी जातो. तिचा नवरा डॉक्टर आहे. तो गँगरीनच्या रुग्णांचे पाय कापून येतो. नळाला पाणी कधीच वेळेवर येत नाही. मूल पलंगावरून पडते तेव्हा मालती म्हणते की ते रोजच पडते. आंबे गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा जुना तुकडा ती नळाशी उभी राहून शेवटपर्यंत वाचते, आणि तासातासाला घड्याळाचे टोल पडत राहतात. शेवटी अकरा वाजतात, मालती म्हणते की अकरा वाजले, आणि कथा संपते. यात कुणी मरत नाही, कुणी बंड करत नाही, कुणाला काही उमगत नाही. वर्तमानपत्राच्या त्या तुकड्यातून एका शिकलेल्या मुलीचे हरवलेले वाचन दिसते, आणि लेखक त्याबद्दल एक अवाक्षर काढत नाही. क्रांतिकारक चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या याच अज्ञेयांनी ‘विपथगा’ या कथेत एक रशियन क्रांतिकारक स्त्री उभी केली आहे. माझे मत असे, की रशियन नावे असलेल्या ‘विपथगा’पेक्षा एकही रशियन शब्द नसलेल्या ‘रोज़’मध्ये रशियन कथेचे देणे अधिक खोल आहे.

शेवटानंतर संवाद पाहावेत, आणि त्यातही पात्रे कशाबद्दल बोलत नाहीत ते टिपावे. अमरकांतांच्या ‘दोपहर का भोजन’ या कथेइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. सिद्धेश्वरी नवऱ्याला आणि मुलांना एकेक करून जेवायला वाढते. पोळ्या मोजक्या आहेत. प्रत्येक जण पोट भरल्याचे सांगून आणखी एक पोळी नाकारतो. ती मोहन या मुलाला सांगते की मोठा भाऊ तुझी स्तुती करत होता, नवऱ्याला सांगते की मोठा मुलगा तुम्हाला देवासारखा मानतो; यातले काहीच खरे नाही. मुन्शीजी, म्हणजे तिचा नवरा, जेवत असताना ती म्हणते, आता बहुधा पाऊस पडणार नाही, आणि ते म्हणतात, माश्या फार झाल्या आहेत. मग कुणाच्या तरी आजाराची आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची गोष्ट निघते. भूक आणि गेलेली नोकरी सोडून जगातल्या प्रत्येक विषयावर हे घर बोलते. महत्त्वाचे ते सोडून हवापाण्यावर बोलणाऱ्या माणसांची ही पद्धत चेकॉव्हच्या नाटकांत पानोपानी आहे. अभ्यासकाने पेन्सिल घेऊन अशी प्रत्येक बगल दिलेली जागा अधोरेखित करावी. कथेचा खरा आराखडा त्या रेषांमधून दिसू लागतो.

त्यानंतर निवेदक कुठे मध्ये बोलतो ते पाहावे, कारण हिंदी लेखकाने काय नाकारले ते तिथे कळते आणि ते घेतलेल्याइतकेच महत्त्वाचे असते. प्रेमचंदांच्या ‘कफ़न’मध्ये घीसू आणि माधव हे बाप-लेक बाहेर भाजलेले बटाटे खात बसतात आणि आत माधवची बायको बुधिया प्रसूतीच्या वेदनांनी मरते, मग कफनासाठी मागून आणलेल्या पैशांची ते दारू पितात. गॉर्कीने आपल्या सुरुवातीच्या कथांत भटक्या, कामचुकार, समाजाबाहेर फेकलेल्या माणसांना मध्यभागी आणले होते, आणि त्या मोकळिकीचा काही अंश इथे आहे असे मला वाटते. पण गॉर्कीचे भटके अनेकदा तेजस्वी, स्वतंत्र वाटतात; घीसू-माधवांना प्रेमचंद तसे तेज देत नाहीत. शिवाय ते कथेच्या मध्येच थांबून स्वतःच्या आवाजात सांगतात, की ज्या समाजात रात्रंदिवस राबणाऱ्यांची स्थिती यांच्याहून फारशी बरी नव्हती, तिथे अशी वृत्ती निपजणे नवलाचे नव्हते. चेकॉव्हने हा परिच्छेद कधीच लिहिला नसता. प्रेमचंदांनी तो ठेवला, कारण त्यांचा वाचक त्यांना वेगळा दिसत होता. हा परिच्छेद वगळून ‘कफ़न’ला चेकॉव्हच्या रांगेत बसवणे म्हणजे प्रेमचंदांचा हात कथेतून काढून टाकणे होय.

आता पुन्हा इओना आणि हल्कूकडे यावे. इओनाची घोडी केवळ श्रोता आहे. तिच्याकडे ऐकण्याखेरीज काही नाही, आणि माणसांनी नाकारलेले ऐकणे तिच्याकडून मिळते. जबरा श्रोता नाही, सोबती आहे. हल्कू त्याला मिठीत घेऊन ऊब मिळवतो, आणि नीलगायी शेतात शिरतात तेव्हा भुंकत धावतो तो जबरा, हल्कू नाही. सकाळी पीक उद्ध्वस्त झालेले पाहून त्याची बायको मुन्नी चिंतेत पडते आणि हल्कू म्हणतो, निदान रात्री इथे थंडीत झोपावे लागणार नाही. चेकॉव्हचा शेवट करुण आहे, प्रेमचंदांचा शेवट शेती सुटल्याच्या समाधानाचा आहे आणि म्हणून अधिक भयंकर आहे. ‘तोस्का’ ही विशिष्ट कथा प्रेमचंदांच्या वाचनात आली होती याचा पुरावा माझ्यापाशी नाही. त्यामुळे या जोडीबद्दल मी ‘प्रभाव’ हा शब्द वापरत नाही, ‘तुलना’ म्हणतो. तुलना हीसुद्धा पुरेशी मोलाची असते.

इतरांचा वाटा

एखादी खूण सापडली की ती रशियाचीच आहे ना, हे तपासावे. शरच्चंद्रांची बंगाली कथा हिंदी वाचकाच्या घरातलीच होती. फ्रेंच कथाकार मोपासाँ इंग्रजीतून सगळ्यांनी वाचला होता, आणि अनपेक्षित कलाटणीने संपणारी कथा दिसली तर आधी त्याच्याकडे पाहावे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर मोहन राकेश, कमलेश्वर आणि राजेंद्र यादव यांच्याभोवती ‘नई कहानी’ ही नव्या हिंदी कथेची चळवळ उभी राहिली, तेव्हा फ्रेंच अस्तित्ववादही वाचला जात होता.

निर्मल वर्मांचे प्रकरण सर्वात नाजूक आहे. त्यांच्या ‘परिंदे’ या कथेला समीक्षक नामवर सिंहांनी नई कहानीची पहिली कृती म्हटले. डोंगरावरचे वसतिगृह, हिवाळ्याची सुट्टी, लतिका, डॉक्टर मुखर्जी आणि ह्यूबर्ट, प्रत्येकाचे मागे राहिलेले काही, आणि आपण कुठे जाणार हा प्रश्न. चेकॉव्हच्या नाटकातल्या तीन बहिणी मॉस्कोला जायचे म्हणत कुठेच जात नाहीत, त्या घराची आठवण येथे येतेच. पण वर्मा १९५९ साली प्रागला गेले, चेक शिकले आणि चेक साहित्याचे मोठे अनुवादक झाले. म्हणून त्यांच्या कथांची विभागणी प्रागच्या आधी आणि नंतर अशी करूनच बोलावे. ‘परिंदे’ आधीची आहे, त्यामुळे तिच्यात चेक प्रभाव शोधणे चूक ठरेल. नंतरच्या कथांत सगळी उदासी रशियाच्या खात्यावर टाकणे तितकेच चूक ठरेल.

लिहायला बसताना

ग्रंथालयात शोध घेताना नावांची अनेक रूपे आधीच लिहून न्यावीत. हिंदी सूचीत एकच लेखक चेखव, चेख़व आणि चेखोव अशा तीन ठिकाणी आढळतो. टॉलस्टॉय हा तोलस्तोय, टालस्टाय आणि ताल्सताय होतो. कथांची शीर्षके तर प्रत्येक अनुवादक बदलतो, म्हणून पात्रांच्या नावावरून कथा ओळखण्याची सवय लावावी. इओना दिसला की ‘तोस्का’ हाती आली.

विधाने करताना क्रियापदांना माप असावे. अनुवाद केल्याचा पुरावा असेल तर ‘घेतले’ म्हणावे. वाचल्याचा पुरावा असेल तर ‘परिचित होते’ म्हणावे. मजकुरातच फक्त खूण असेल तर ‘जवळचे वाटते’ यापुढे जाऊ नये. प्रत्येक विधानासमोर समासात त्याचा आधार लिहून पाहावा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही ते वाक्य खोडावे.

पहिल्या अभ्यासासाठी मी राजेंद्र यादव सुचवीन, कारण त्यांच्या बाबतीत वाट, तारीख आणि मजकूर तिन्ही हाताशी आहेत. चेकॉव्हच्या नाटकांचा त्यांचा अनुवाद आधी संपूर्ण वाचावा, मग ती काल्पनिक मुलाखत, आणि त्यानंतरच त्यांची एखादी कौटुंबिक कथा उघडून पहिल्या पानापासून पेन्सिल चालवायला घ्यावी.